कानाने शिकलेलं इंग्रजी

आमच्या पिढीतल्या मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी आधी दिसलं, ऐकू फार उशिरा आलं. पाचवीत एबीसीडी गिरवली, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतली वाक्यं मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत केली, पुढे रेन अँड मार्टिनचे स्वाध्याय सोडवले आणि बी.ए.ला येईपर्यंत हार्डीच्या कादंबऱ्या रात्र जागून वाचण्याइतकी भाषा आली. निबंध लिहायला सांगितला तर चार पानं सहज व्हायची. वर्गात उभं राहून बोलायला सांगितलं तरी अडखळायला व्हायचं नाही. पण त्या बोलण्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द स्पेलिंग बघून उच्चारलेला असायचा. ‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यातला बी आम्ही स्वच्छ म्हणायचो. ‘रिसीट’मधला पी म्हणायचो. ‘कर्नल’ छापलेला दिसला की त्याचं ‘कोलोनेल’ करायचो, आणि रेडिओवर ऐकू येतात ते कर्नल हे कोणी वेगळे अधिकारी असावेत, अशी माझ्या एका मैत्रिणीची बरेच दिवस समजूत होती. कऱ्हाडला आमच्या बाई जे म्हणत तेच आम्ही म्हणत होतो, आणि बाईंना त्यांच्या बाईंनी तेच शिकवलं होतं. यात कोणाचाच दोष नव्हता. तालुक्याच्या गावात इंग्रजी बोललेलं ऐकायला मिळणार कुठे?

रेडिओवर मिळायचं, आणि तेवढंच. रात्री नऊला ‘दिस इज ऑल इंडिया रेडिओ’ झालं की स्वयंपाकघरातली भांड्यांची आवराआवर आपोआप हळू व्हायची. आज सुरजित सेन आहेत की लोतिका रत्नम, हे वडील पहिल्या दोन शब्दांतच ओळखायचे. वडील कोर्टात कारकून होते. इंग्रजी अर्ज लिहिण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण साहेबांसमोर तोंड उघडायची वेळ आली की ते मराठीच बोलायचे. १९४८ साली गांधीजींच्या अंत्ययात्रेचं मेलव्हिल डी मेलो यांनी तासन् तास केलेलं वर्णन त्यांनी तरुणपणी ऐकलं होतं, आणि इंग्रजी असंही असतं हे तेव्हा कळलं, असं ते सांगायचे. कसोटी सामने असले की अनंत सेटलवाड, सुरेश सरैया. आणि कधी रात्री उशिरा शॉर्टवेव्हवर बीबीसी. तो आवाज लांब जायचा, परत यायचा, मधेच दुसऱ्याच भाषेतलं स्टेशन त्यात मिसळायचं. आम्ही कान मर्फीच्या जाळीला लावून बसायचो.

तेव्हाच्या त्या ऐकण्याबद्दल आज विचार करते तेव्हा एक गोष्ट ठळकपणे जाणवते. आवाज साठवून ठेवता येत नव्हता. एखादा शब्द वेगळा ऐकू आला तर तो त्याच क्षणी धरायचा, नाहीतर उद्या रात्री नऊपर्यंत थांबायचं, आणि उद्या तो शब्द येईलच असं नाही. त्यामुळे ऐकताना माणूस सगळा ऐकत असायचा. बातमीचा अर्थ कळण्याच्या आधी तिची चाल कळायची. वाक्य कुठे चढलं, कुठे उतरलं, कोणत्या शब्दावर आवाज क्षणभर टेकला, हे सगळं नकळत आत जात होतं. वर्षानुवर्षं तेच मोजके आवाज, तोच वेग. त्याने कान तयार झाला. तोंड तयार व्हायला पुढे बराच काळ जावा लागला, पण कान आधी तयार झालेला होता म्हणून ते होऊ शकलं, असं माझं ठाम मत आहे.

रेडिओने पहिल्यांदा लक्षात आणून दिलं ते हे, की एकाच शब्दाचे दोन उच्चार आपल्याला सांभाळायचे आहेत. ‘कमिटी’ हा शब्द घरात रोजचा होता. गणपतीची कमिटी, शाळेची कमिटी. तिन्ही अक्षरं सारख्या वजनाची. रेडिओवर हाच शब्द आला की पहिलं अक्षर जवळजवळ गिळलेलं आणि सगळा भार ‘मि’वर. ‘हॉटेल’चंही तेच. आपण ‘हॉ’वर जोर देतो, इंग्रजीत तो ‘टेल’वर असतो. ‘प्लंबर’मधला ब मराठीत हक्काचा आहे आणि तो मराठीत म्हणायलाच हवा; इंग्रजीत तो नाही. ‘व्हेजिटेबल’मध्ये टेबल नाही आणि ‘कम्फर्टेबल’मध्येही नाही. जे शब्द आपण मराठीत आणून, वापरून वापरून आपले केले, तेच इंग्रजी बोलताना सगळ्यात जास्त दगा देतात, कारण ते तोंडात तयार असतात. अवघड नवा शब्द माणूस कोशात बघतो. ‘हॉटेल’ कोण बघणार?

पुण्याला एम.ए.ला आले तेव्हा फर्ग्युसन रस्त्यावरच्या ब्रिटिश कौन्सिलच्या लायब्ररीत मला डॅनियल जोन्सचा उच्चारकोश पहिल्यांदा हातात मिळाला. १९१७ साली पहिल्यांदा निघालेला हा कोश. त्यात अर्थ नाहीत, वाक्यं नाहीत, फक्त शब्द आणि त्यांचे उच्चार, आणि जोराच्या अक्षराआधी वरच्या बाजूला एक बारीक उभी रेघ. मी तो कोश कादंबरीसारखा वाचत बसायचे. ती रेघ पाहून पाहून कळलं की मी रोज वापरत असलेल्या कितीतरी शब्दांत भार भलत्याच ठिकाणी टाकत होते. ‘डेव्हलप’, ‘इव्हेंट’, ‘इकॉनॉमिक’. त्या लायब्ररीत कॅसेटही मिळायच्या. घरी भावाने आखातातून आणलेला टू-इन-वन होता. एक वाक्य लावायचं, थांबवायचं, म्हणायचं, मागे घ्यायचं, परत लावायचं. मागे घेताना ते नेमकं त्या वाक्यावर कधीच थांबायचं नाही, आधीची दोन वाक्यं परत ऐकावीच लागायची. त्या दोन वाक्यांनी माझं बरंच भलं केलं.

मग मी एका कॉलेजात इंग्रजी शिकवू लागले, आणि नोकरीत असतानाच हैदराबादला गेले. १९५८ साली तिथे सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश सुरू झाली होती. पुढे तिच्या नावात परकीय भाषाही आल्या आणि सगळे तिला सीफेल म्हणू लागले. शिक्षकांसाठी तिथे पत्राने शिकवायचा अभ्यासक्रम होता आणि त्यातले काही आठवडे तारनाक्याच्या आवारात प्रत्यक्ष राहून शिकायचं. देशभरातले आम्ही शिक्षक. सगळ्यांचं इंग्रजी उत्तम, व्याकरण पक्कं, शेक्सपियर शिकवणारे लोक. आणि भाषा प्रयोगशाळेत कानावर हेडफोन चढवून, लाकडी कप्प्यात बसून स्वतःचा आवाज टेपवर ऐकताना सगळ्यांचे चेहरे सारखेच गंभीर.

आम्हाला ध्वनिशास्त्र शिकवणारे सर आंध्रचे होते. अतिशय सौम्य माणूस. पहिल्या तासाला त्यांनी प्रत्येकाला वहीतून कागदाची एक पट्टी फाडायला सांगितली, ओठांसमोर धरायला सांगितली आणि ‘पिन’ म्हणायला लावलं. पट्टी जागची हलेना. मग त्यांनी स्वतः म्हटलं आणि त्यांची पट्टी फडफडली. प, ट, क हे इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला येतात तेव्हा त्यांच्यामागून श्वासाचा एक झोत बाहेर पडतो. आमच्या भाषांना प आणि फ, क आणि ख हे वेगवेगळे वर्ण आहेत, त्यामुळे आम्ही प अगदी कोरडा म्हणतो, आणि इंग्रजाच्या कानाला तो ब वाटतो. ‘पॅक’ म्हणावं आणि त्याने ‘बॅक’ ऐकावं. दुसऱ्या दिवशी हातात छोटा आरसा. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकलेले दिसायला हवेत, डब्ल्यू म्हणताना ओठांचा चंबू. मराठी लिपीने हा फरक आपल्यासाठी आधीच करून ठेवलेला आहे. ‘व्हॅन’ आपण व्ह लिहितो, ‘वॉटर’ नुसता व. लिहिताना जो फरक आपण शाळेपासून करतो तो तोंडात मात्र आणत नाही, हे मला त्या आरशात दिसलं.

आणि एक दिवस सरांनी फळ्यावर एक साधं वाक्य लिहिलं: ‘माय ब्रदर इज कमिंग टुमारो.’ म्हणाले, तुमच्या भाषेत ‘दुसरं कोणी नाही, भाऊ येतोय’ हे कसं सांगाल? हिंदीवाला म्हणाला, ‘ही’ लावू. गुजराती बाई म्हणाल्या, ‘ज’. तमिळ शिक्षकाने ‘तान’ सांगितलं, तेलुगूतला ‘ए’ सरांनी स्वतः लावून दाखवला. मी म्हटलं, ‘च’. भाऊच येतोय. आणि ‘परवा नाही, उद्या’ हे सांगायचं तर? उद्याच. सर म्हणाले, म्हणजे तुम्हा सगळ्यांकडे एक छोटा शब्द आहे आणि तो सगळं काम करतो. इंग्रजीत तो नाही. तिथे तेच काम आवाज करतो. ‘ब्रदर’वर आवाज चढवून उतरवला की भाऊच, ‘टुमारो’वर उतरवला की उद्याच. आपण इंग्रजी बोलताना आपला ‘च’ शोधत राहतो, तो सापडत नाही, म्हणून ‘ओन्ली’ लावतो. ‘आय टोल्ड हिम ओन्ली.’ तो ‘ओन्ली’ काढा आणि आवाजात घाला.

मला त्या क्षणी जे वाटलं ते आजही तसंच आठवतं. मी कित्येक वर्षं अस्खलित इंग्रजी बोलत होते आणि ऐकणाऱ्याला ते सपाट का वाटतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझी वाक्यं बरोबर होती, शब्द बरोबर होते, पण कोणत्या शब्दासाठी मी ते वाक्य बोलते आहे हे ऐकणाऱ्याला कळत नव्हतं. मराठीत ते ‘च’ने कळलं असतं.

त्यानंतर सर डस्टरने टेबलावर ठोके देत शब्द म्हणून घ्यायचे. ‘फोटोग्राफ’ला पहिल्या अक्षरावर ठोका. ‘फोटोग्राफर’ला तो दुसऱ्यावर सरकला. ‘फोटोग्राफिक’ला तिसऱ्यावर. ‘इक’ने संपणाऱ्या शब्दात बहुतेक वेळा भार त्याच्या अगदी आधीच्या अक्षरावर पडतो, ‘इटी’ने आणि ‘शन’ने संपणाऱ्यांतही तसंच. हा एक नियम हाती आला आणि शेकडो शब्द आपोआप जागेवर बसले. खडूची धूळ उडायची आणि आम्ही वयाने मोठी माणसं शाळेतल्या मुलांसारखी एका सुरात म्हणायचो.

त्या संस्थेतल्या आर. के. बन्सल यांनी भारतीयांचं इंग्रजी परदेशी श्रोत्यांना कितपत कळतं याचा अभ्यास करून १९६९ साली प्रबंध प्रसिद्ध केला होता. भारतीयांच्या आवाजाच्या टेप इंग्लंडच्या आणि इतर देशांच्या लोकांना ऐकवून, त्यांना कुठे कळलं नाही हे त्यांनी नोंदवलं होतं. न कळण्याचं मोठं कारण निघालं ते शब्दातला भार चुकीच्या अक्षरावर पडणं. आपला टवर्ग, ‘थिंक’मधला आपला थ, यांनी ऐकणाऱ्याला सहसा फारसं अडत नव्हतं. हे वाचलं तेव्हा डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं. लंडनच्या निवेदकासारखं व्हायचं नव्हतं. कळेल असं बोलायचं होतं, आणि ते करता येण्यासारखं होतं.

इथे जॉर्ज बर्नार्ड शॉची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. भाषेचे उच्चार सुधारून फुलं विकणाऱ्या मुलीची मडम करणारं ‘पिग्मॅलियन’ त्याने लिहिलं, आणि १९७५ साली पु. लं.नी त्याची ‘ती फुलराणी’ केली तेव्हा भक्ती बर्वेंनी आपल्याला दाखवलं की उच्चारांवरून माणसाची जागा ठरवण्याचा खेळ मराठीतही तितकाच जुना आहे. पण त्याच शॉने १९२७ साली लिंग्वाफोन कंपनीसाठी परदेशी विद्यार्थ्यांकरता तबकड्या ध्वनिमुद्रित केल्या, त्यात तो अगदी वेगळं सांगतो. बीबीसीच्या उच्चार सल्लागार समितीवर तो होता, आणि त्या समितीतले विद्वान सगळे शब्द एकसारखे उच्चारत नाहीत हे त्याने तिथे मोकळेपणाने सांगितलं. परक्या माणसाने इंग्लंडमध्ये जाऊन फार निर्दोष बोलायचा अट्टहास करू नये, असा त्याचा सल्ला होता. आमच्या वडिलांच्या पिढीला हे कोणी ऐकवलं असतं तर किती लोक साहेबासमोर बोलले असते! बीबीसीवरही सगळे एका साच्यातले नव्हते. जॉन आर्लट क्रिकेटचं वर्णन करायचे ते आपल्या हॅम्पशरच्या गावाकडच्या बोलीचा रंग ठेवून, आणि इंग्रजांना ते फार आवडायचं.

पुढची वर्षं भराभर गेली. दूरदर्शनवर तेजेश्वर सिंग, कोमल जी. बी. सिंग, गीतांजली अय्यर, रिनी सायमन आले, आणि आवाजाबरोबर ओठही दिसू लागले. २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. आणि त्याच सुमाराला कॉल सेंटरं आली.

त्या काळात माझ्या विद्यार्थ्यांपैकी बरीच मुलं-मुली पुण्या-मुंबईत त्या नोकऱ्यांत गेली. सुट्टीला आली की नवे शब्द घेऊन यायची. ‘व्हॉइस अँड ॲक्सेंट’चं ट्रेनिंग, ‘न्यूट्रल ॲक्सेंट’, आणि ‘एमटीआय’. म्हणजे मातृभाषेचा प्रभाव. हा शब्द आजारासारखा वापरला जायचा: तुझा एमटीआय फार आहे, कमी कर. माझी एक चांगली विद्यार्थिनी, बोलण्यात हुशार, ती ‘वॉटर’चं ‘वॉडर’ करायला शिकून आली होती, पण ‘डेव्हलपमेंट’मधला भार जिथे होता तिथेच. मला त्याचं फार वाईट वाटलं, आजही वाटतं. वरचा रंग दिला होता, भिंत तशीच होती. शिवाय तिला आपल्या आईच्या भाषेची लाज वाटायला शिकवलं गेलं होतं, आणि ते तर कोणत्याच उच्चारासाठी गरजेचं नव्हतं.

गंमत अशी, की नेमक्या त्याच २००० साली जेनिफर जेनकिन्स या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ बाईंचं एक पुस्तक आलं. जगात आता इंग्रजी बोलणाऱ्यांत मातृभाषा इंग्रजी नसलेलेच जास्त आहेत, तेव्हा अशी दोन माणसं एकमेकांशी बोलताना नेमकं काय चुकलं की कळत नाही, हे त्यांनी तपासलं होतं. त्यांच्या यादीत ‘थिंक’चा ध्वनी नाही. स्वरांची लांबी आहे, प-ट-क मागचा श्वास आहे, आणि वाक्यातल्या मुख्य शब्दावरचा भार आहे. म्हणजे सरांची कागदाची पट्टी आणि सरांचा ‘च’, दोन्ही. शब्दातला भार मात्र त्यांनी यादीबाहेर ठेवला, आणि या एका बाबतीत मी बन्सलांच्या बाजूची आहे, कारण माझ्या डोळ्यांसमोर रोज तेच घडतं.

परवा-परवाचं उदाहरण. माझी भाची हिंजवडीत नोकरी करते. इंग्रजी माध्यमात शिकलेली, इंग्रजीत विचार करणारी, पण तिच्या कामाच्या मूल्यमापनात शेरा आला की अमेरिकेतल्या लोकांना तिचं बोलणं पुन्हा विचारावं लागतं. ती रविवारी लॅपटॉप घेऊन आली. “मावशी, तू बघ तरी, मी काय चुकीचं बोलते?” हल्ली मीटिंगमध्ये बोललेलं खाली अक्षरांत उमटत जातं. तिने एक रेकॉर्डिंग लावलं. काम पुढे ढकलू या, अशा अर्थाने ती ‘डिफर’ म्हणत होती; या ‘डिफर’मध्ये भार दुसऱ्या अक्षरावर असतो. तिने तो पहिल्यावर टाकला. खाली पट्टीवर उमटलं, मतभेदाचा ‘डिफर’. पलीकडच्या माणसाला वाटलं ती असहमत आहे, आणि पुढची काही मिनिटं सगळे भलत्याच गोष्टीवर बोलत राहिले. आमच्या काळी ही चूक समोरच्याच्या चेहऱ्यावरून ओळखावी लागायची, आणि इंग्रज माणूस सभ्यपणाने चेहराही बदलायचा नाही. आता यंत्र जसं ऐकतं तसं लगेच लिहून दाखवतं. मला हे फार मोलाचं वाटतं. हैदराबादच्या त्या लाकडी कप्प्यात असं काही असतं तर आम्ही कितीतरी पुढे गेलो असतो.

तिच्या लॅपटॉपवर मी ‘प्रात’ घ्यायला लावलं. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेलं हे सॉफ्टवेअर, फुकट मिळतं. ती म्हणाली, ‘वी नीड द फाइल टुडे.’ पडद्यावर करड्या पट्ट्यांवरून आवाजाची निळी रेघ उमटली, जवळजवळ आडवी. मी विचारलं, तुला फाइल हवी आहे हे सांगायचंय की आजच हवी आहे हे? आजच. मग ‘टुडे’च्या दुसऱ्या अक्षरावर आवाज आण. तिने पुन्हा म्हटलं आणि रेघेला तिथे एक टेकाड आलं. ती टाळ्या वाजवायला लागली. सर टेबलावर डस्टर आपटून जे ऐकवायचे ते आता डोळ्यांना दिसतं, आणि कोणत्याही गावातल्या कोणत्याही मुलीला दिसू शकतं. हैदराबादची गाडी पकडावी लागत नाही.

तरी मला काहीतरी हरवल्यासारखं वाटतं, आणि ते काय हे भाचीच्या फोनमध्ये कळलं. तिने उच्चार सुधारण्याचं एक ॲप घेतलं होतं. त्यात शब्द म्हटला की चुकलेला ध्वनी लाल होतो. तिच्या कितीतरी संध्याकाळी ‘थ’ हिरवा करण्यात गेल्या होत्या. ॲपच्या दृष्टीने प्रत्येक लाल सारखाच लाल. सरांनी माझ्या दहा दोषांपैकी सात सोडून दिले होते. हे राहू दे, याने कोणाचं अडत नाही, तू महाराष्ट्राची आहेस हे ऐकू आलं तर बिघडलं कुठे, असं ते म्हणायचे. काय सोडून द्यायचं हे सांगणारा माणूस जवळ असणं, ही तेव्हाची खरी श्रीमंती होती.

दुसरं, तिला ऐकायला धीर नाही, आणि दोष तिचा नाही. एका शब्दाचे शंभर उच्चार एका बोटावर हजर आहेत, ब्रिटिश, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन. ती एकदा ऐकते, लगेच म्हणते, लगेच गुण बघते. मी तिला म्हटलं, आधी काही दिवस नुसतं ऐक, बोलू नकोस. आपल्याला ‘शिप’ आणि ‘शीप’ वेगळे ऐकूच येत नाहीत, कारण बोलीतल्या मराठीत इ ऱ्हस्व की दीर्घ याने अर्थ बदलत नाही. म्हणून तर शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यांना छळतात. आणि इंग्रजीत फरक नुसत्या लांबीचा नाही, तो स्वरच वेगळा आहे, ‘शिप’ म्हणताना जीभ सैल असते. जे कानाला वेगळं लागत नाही ते तोंडाने वेगळं कसं निघेल? ती ‘हो गं’ म्हणाली. नऊच्या बातम्यांच्या निमित्ताने आमच्याकडून जे आपोआप झालं ते आता ठरवून करावं लागतं.

उलट एक गोष्ट आजची इतकी चांगली आहे की तिचा मला हेवा वाटतो. भाचीला कोणासारखं व्हायचं नाही. मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखपदी २०१४ साली हैदराबादचे सत्या नडेला आले, २०१५ साली गूगलच्या प्रमुखपदी चेन्नईत वाढलेले सुंदर पिचाई. दोघांच्या बोलण्यात ते कुठले आहेत हे ऐकू येतं आणि जग ते मन लावून ऐकतं. त्यांची भाषणं नीट ऐकली तर भार योग्य जागी असतो, वाक्यातला ‘च’ आवाजात असतो, बाकीचं घरचं. माझ्या वडिलांना असा एक आवाज ऐकायला मिळायला हवा होता.

पण त्याच काळात आता असंही सॉफ्टवेअर आलं आहे, जे भारतीय माणसाचा आवाज फोनवर जाता जाताच अमेरिकन वळणाचा करून पलीकडे पोचवतं. २०२० साली स्टॅनफर्डच्या काही विद्यार्थ्यांनी त्यासाठी सानस नावाची कंपनी काढली. भाची म्हणते, “मावशी, रात्रपाळीत फोन घेणाऱ्या मुलांना किती घाणेरडं ऐकून घ्यावं लागतं, तुला माहीत नाही. त्यांचं तेवढं तरी वाचेल.” ते मला पटतं. पण बोलणारा आणि ऐकणारा यांनी निम्मं निम्मं चालत यायचं असतं, आणि या यंत्राने ऐकणाऱ्याला जागचं हलायचं कारणच उरत नाही. आमचा कान लंडनच्या माणसासाठी वर्षानुवर्षं तयार झाला. ओहायोच्या माणसाचा कान कऱ्हाडच्या मुलीसाठी कधी तयार होणार? यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

एवढं मात्र झालं, की तिने ऑफिसातल्या दोघांना गाठलं, एक नागपूरचा, एक चेन्नईची. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तिघं बसतात, एकच वाक्य तिघं म्हणतात आणि कोणता शब्द उठून आला हे इतर दोघांनी सांगायचं. ॲप बंद. त्यांना वाक्यं हवी होती म्हणून सरांनी दिलेल्या सायक्लोस्टाइलच्या कागदाचा फोटो मी पाठवला. तो त्यांना आवडला, फक्त एक वाक्य परत आलं: ‘शॅल आय पोस्ट द लेटर फॉर यू?’ असं आता कोणी बोलत नाही, तसाच चढउतार असलेलं दुसरं दे, असं चेन्नईच्या मुलीचं म्हणणं आहे. शोधते आहे. ‘शॅल आय सेंड यू द लिंक?’ सुचलं होतं, पण त्यात भार ‘लिंक’वर शेवटी जातो, आणि सरांना तो मधे हवा होता.